खाडीचं तोंड

कोपरच्या खाडीकाठी ती बाई पहिल्यांदा दिसली तेव्हाच शेवंतीच्या मनात पाल चुकचुकली. गळ्यात दुर्बीण, पायात गमबूट आणि बगलेत लाल रंग दिलेले बांबू. खाडीच्या आतल्या फाट्यातल्या तिवरांच्या झाडीत शिरून बाई चिखलात एकेक बांबू ठोकत होती. जागा मापायला आलेली माणसं असेच खांब रोवतात. शेवंतीच्या माहेरचं मिठागर असंच गेलेलं.

घरी तिने दिराला सांगितलं. धाकूला नवल वाटलं नाही. बाईचं नाव योगिनी, टॉवरमध्ये राहते, पक्षी बघायचं नुसतं निमित्त, ती बिल्डरचीच, असं तो म्हणाला. वर हेही म्हणाला, की त्या फाट्यात हल्ली कंपन्यांचं पाणी शिरतं, तिथल्या चिंबोऱ्या-खेकडे खाल्ले तर माणसं आजारी पडतील. नवरा वारल्यापासून होडी-जाळं धाकूच बघायचा. शेवंतीने त्याचं ऐकलं आणि फाट्यात जाणं सोडलं.

पण खाडीकाठच्या बांधावरून जाताना तिवरं पिवळी पडलेली दिसायची. बगळेही उतरेनासे झालेले. हे त्या बाईचंच काम, असं तिने धरलं, आणि एका सकाळी सगळे बांबू उपटून बांधापलीकडे फेकून दिले.

दुसऱ्या दिवशी योगिनी मासळी बाजारात तिच्यासमोर उभी राहिली.

"मावशी, माझे बांबू तुम्ही काढलेत का?"

शेवंतीने साफ कानावर हात ठेवले. योगिनी चिडली नाही. भरतीचं पाणी कुठवर चढतं ते बघायला बांबू लावलेले, आणि एकाचाही रंग अजून भिजला नव्हता, एवढं सांगून ती गेली. खोटारडी, शेवंती मनात म्हणाली. खाडीत पाणी येत नाही म्हणजे काय?

मासळीची पाटी उचलताना मात्र तिला आठवलं. बांबू उपटले तेव्हा बुडाशी चिखल नव्हता, कोरडी ढेकळं होती.

पुढच्या मोठ्या भरतीला ती एकटीच फाट्याच्या तोंडाशी गेली. मोठी खाडी काठोकाठ भरलेली, आणि आत फाट्यात जमिनीला भेगा. मध्ये राडारोड्याचा बांध घातलेला. बाहेरून दिसू नये म्हणून वर तोडलेल्या फांद्या, आणि त्या जुन्या जाळ्याने बांधलेल्या. जाळ्याला हिरव्या दोऱ्याची सांधणी होती. ती तिच्याच हातची होती.

संध्याकाळी धाकू जेवायला बसला. तिने ताट वाढलं आणि त्या बांधाचं विचारलं.

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "वहिनी, तिवरं मेली की जागा मोकळी होणार. बंटीला साइटवर सुपरवायझर घेणारेत."

"आणि मला चिंबोऱ्यांचं का सांगितलंस?"

"तू गेली असतीस तर बघितलं असतंस."

बंटी त्याचा एकुलता एक. शेवंतीने त्याला मांडीवर खेळवलेलं. तिला रडू आलं नाही, फक्त जेवण गेलं नाही.

दोन दिवस गेले. मग योगिनीला नेऊन तिने तो बांध दाखवला. फांद्या आधीच स्वतः सोडवल्या आणि जाळं घरी आणून ठेवलं. योगिनीने फोटो काढले, तक्रार केली. कुणी घातला हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. शेवंतीने सांगितलं नाही. ही बाई उद्या धाकूचं नाव छापून आणील, याची तिला धास्ती होती.

बरेच दिवस कुणी आलं नाही. मग एकदाचे सरकारी लोक जेसीबी घेऊन आले. बांध फुटला, पाणी आत शिरलं. निम्म्याहून जास्त तिवरं वाळून गेलेली, उरलेल्यांना पालवी फुटली. चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारू लागल्या. बंटीची नोकरी मात्र हुकली.

तक्रार कुणी केली, धाकू वाडीभर विचारत होता. शेवंतीने त्याला घरी बोलावून स्वतःच सांगितलं. तेव्हापासून तो होडी पलीकडच्या धक्क्याला लावतो, आणि समोर आला तरी वहिनी म्हणत नाही.

ती आता पायी फाट्यात जाते, हाताने चिंबोऱ्या धरते. खाडीकाठच्या बांधावर गाडी थांबली की काम टाकून वर येते आणि कोण आहे ते बघते. गाडी योगिनीची असली तरी.