चौदा नंबरची भिंत

मोजणीच्या कामात माझ्याइतकं खडूस माणूस जर्मनीतल्या अख्ख्या आखन शहरात सापडणार नाही. जुन्या इमारती मोजण्यात मी इथे सात वर्षं घालवली आहेत, आणि नव्या माणसाच्या हातावर माझा काडीचा विश्वास नसे. उर्जा नवी होती. नाशिकची, डॉक्टरेटच्या पहिल्याच वर्षाला.

आमचं काम इटलीतल्या एका डोंगरी गावातल्या मध्ययुगीन गल्लीवर चाललं होतं. दोन्ही बाजूंना तीन मजली दगडी घरं, ती एकमेकांवर कलू नयेत म्हणून डोक्यावरून आडव्या कमानी, आणि काही घरांना मुख्य दाराशेजारी एक अरुंद, उंचावरचं दार. त्या दारातून फक्त मृतदेह बाहेर काढायचे, असं गावकरी सांगतात. आमचा नियम एकच: भिंत जशी असेल तशी काढायची. वाकडी असली तर वाकडी. वरून ओळंबा सोडायचा आणि दर मीटरला दोरीपासून भिंतीचं अंतर घ्यायचं.

उर्जा तिकडे मोजत होती आणि मी इथे इन्स्टिट्यूटमध्ये बसून तिच्या कच्च्या कागदांवरून पक्के नकाशे काढत होते. उंटावरून शेळ्या हाकणंच ते! बारा नंबरचं घर सरळ, सोळा नंबरचं सरळ, आणि मधल्या चौदाच्या भिंतीला दुसऱ्या मजल्यावर अकरा सेंटिमीटर पोट आलेलं. वाऱ्याने हिचा ओळंबा हलला असणार, दुसरं काय! मी रेघ खोडून सरळ केली. तिला साधा फोनसुद्धा केला नाही.

तिथल्या नगरपालिकेने आमच्या नकाशांवरून नऊ घरांना टेकू दिले. चौदाला दिले नाहीत. मार्चमध्ये आठवडाभर पाऊस लागला आणि चौदाची दर्शनी भिंत गल्लीत कोसळली. आत आसुंता नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. त्या गेल्या. त्यांना त्या अरुंद दारातून काढायचा प्रश्नच आला नाही, कारण दारही उरलं नव्हतं.

चौदाची भिंत नकाशात सरळ कशी, असं विचारणारं नगरपालिकेचं पत्र आलं. नकाशावर मोजणाऱ्याचं नाव असतं, पक्का करणाऱ्याचं नसतं. आमच्या प्रोफेसरांनी तोवर आखनला परतलेल्या उर्जाला बोलावून सांगितलं, की तिचा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, संपला की पुढे वाढवता येणार नाही. तिथून ती थेट माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, आजी रोज मला खुर्ची आणून द्यायच्या गं. बिस्किटं द्यायच्या. आल्झो, म्हणजे मीच मारलं त्यांना."

"वेड्यासारखं बोलू नकोस," मी म्हणाले. रेघ मी बदलली होती, हे सांगितलं नाही. माझा प्रबंध दोन महिन्यांनी सादर व्हायचा होता. लिहायला लाज वाटते, पण आधी तेच मनात आलं.

ती गेल्यावर मी कपाटातून चौदाचा मूळ कागद काढला. खोडलेली रेघ उजेडात धरल्यावर दिसत होती. खाली कोपऱ्यात तिच्या बारीक मराठी अक्षरात दोन ओळी होत्या. त्या मी कधी वाचल्याच नव्हत्या. 'वारा आहे म्हणून ओळंबा आजींच्या पाण्याच्या बादलीत सोडला. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा ११.'

पाण्यात बुडवलेला ओळंबा वाऱ्याने हलत नाही. हे तिला मीच शिकवलं होतं.

मग कागद घेऊन मी प्रोफेसरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी उर्जाला परत बोलावलं. मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"तुझं बरोबर होतं. रेघ मी सरळ केली."

तिने त्या अकराच्या आकड्यावर बोट ठेवलं. आता ही माझ्यावर ओरडणार, असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी पाहिलं होतं, ताई," ती म्हणाली. "नकाशे छापून आले तेव्हाच. चौदाची भिंत सरळ दिसली. म्हटलं, ताईने केलीय म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. तुला फोन करणार होते. पण तू चिडली असतीस."

खरं होतं. मी चिडलेच असते.