खोबरेल घातलेलं घड्याळ

पौषातली गारठलेली सकाळ, तरी पालघर स्टेशनाबाहेर धुनीबाबाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. बंद पडलेलं घड्याळ बाबा मुठीत धरी, काहीबाही पुटपुटे, आणि पाच मिनिटांत टिकटिक सुरू! लोक पायांवर लोळण घेत होते.

समोरच्या टपरीत पुंडलिक घड्याळजी चरफडत होता. "मला दोन तास लागतात, अन् ह्याला झाकणसुद्धा उघडावं लागत नाही!"

तेवढ्यात इंदुबाई पुढे झाली. तिचा नवरा भगवंत तारापूरला वीजघराच्या बांधकामावर होता. क्षयाने दवाखान्यात पडला, मनगटावरचं घड्याळ घरी आलं, आणि दोन दिवसांत बंद. बाबाने ते चालू करून दिलं आणि गरजला, "ह्यात त्याचा जीव अडकलाय! सुया टोचून मारतायत त्याला. आजच दवाखान्यातून काढ, माझ्या धुनीपाशी आण!"

"आनते, महाराज."

पुंडलिकचं डोकंच फिरलं. चिमटा घेऊन तो गर्दीत घुसला. "वहिनी, घड्याळ द्या इकडे!"

"हात लावशील तर भस्म होशील!" बाबा ओरडला.

"होऊ दे की!" पुंडलिकने झाकण उघडून घड्याळ गार फरशीवर ठेवलं. "वहिनी, ह्यात तेल कुणी घातलं?"

"ह्यांनीच. घरचं खोबरेल."

"मीपन तेच घातलं," गर्दीतला शांताराम म्हणाला. त्याचं घड्याळ बाबाने कालच चालू केलं होतं.

"थंडीत खोबरेलाचं काय होतं?" पुंडलिकने विचारलं.

"थिजतं. मी बाटली चुलीजवळ..." इंदुबाई बोलता बोलता थांबली. फरशीवरचं घड्याळही थांबलं होतं. चाकांवर पांढरट साय धरली होती.

"मनगटाच्या उबेने चालत होतं. घरी थिजलं. बाबाची मूठ धुनीवर शेकलेली, म्हणून वितळलं!" पुंडलिकने झाकण लावून घड्याळ चहावाल्याच्या किटलीला टेकवलं. थोड्या वेळाने टिकटिक. "घ्या, किटलीबाबा पावले!"

हशा पिकला. बाबा पिसाळला. "बाई, तुझा नवरा अमावास्या बघणार नाही!"

सगळे चपापले. इंदुबाई मात्र जागची हलली नाही. "माज्या मानसाचा जीव त्याच्या छातीत हाय, घड्यालात नाय! मी चालले दवाखान्यात. सुईची येल झाली."

ती गेली. बाबा झोळी आवरू लागला.

"बघत काय बसलात?" पुंडलिक गर्दीवर खेकसला. "कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे झालं कसं? भस्म झालात तर माझ्याकडे या! आणि माणूस आजारी पडला तर त्याला डॉक्टरकडेच न्या."