पाटांचा उतार

"ब्रेकवरून पाय काढू नकोस हं! हँडब्रेक ढिला आहे," गाडीखालून विलास ओरडला.

स्टिअरिंगमागे बसलेल्या अर्चनाने पाय ब्रेकवरच ठेवला. पुढची चाकं ज्या लाकडी उतारांवर चढली होती, त्यांत तिच्या आईने लग्नात दिलेले शिसवी पाट होते.

दुबईजवळच्या या अल ऐनमध्ये ऑइल बदलायला गॅरेजं काय थोडी आहेत? पण विलासने एकेका मिस्त्रीला चोर ठरवलं होतं. साव काय तो हा एकटाच. मग साहेबांनी घरीच रॅम्प करायला घेतले. पॅलेटच्या फळ्या एकावर एक रचून स्क्रू मारले. उंची कमी पडली तेव्हा अर्चना बाजारात गेली होती. ती परतेपर्यंत चारही पाट कापून झाले होते.

"अहो, आईचे पाट होते ते!"

"दिवाळीला एकदा लागतात, बाकी वर्षभर कपाटावर धूळ खातात. यल्ला, चल, गाडीत बस. मी सांगतो तशी वर चढव."

लायसन्स मिळून तिला कित्येक वर्षं झाली होती, पण किल्ली त्याच्या खिशातून सुटत नसे. 'तुला झेपणार नाही,' एवढंच तो म्हणे. आज मात्र तिला झेपत होतं.

"अगं, लक्ष आहे ना? की झोपलीस? एक काम धड येईल तर शपथ!"

समोर अंगणात पाटांचे कापलेले तुकडे पडले होते. एकावर अर्धं पितळी फूल होतं. त्याच पाटावर बसवून तिला हळद लावली होती. अर्चनाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने पाय काढला नाही, पण दाबूनही धरला नाही. गाडी बोटभर मागे सरकली आणि लाकूड करकरलं.

खालचा पाना थांबला.

"अर्चना?" इतक्या हळू आवाजात त्याने तिला कधी हाक मारली नव्हती.

तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. "बाहेर या."

तो सरपटत बाहेर आला. पांढराफटक पडला होता.

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी तिने हॉलमध्ये नेहमीसारखी चौकोनी रांगोळी काढली. मधली जागा रिकामीच होती. विलास नवा कुर्ता घालून आला आणि घुटमळला.

"पाट?"

तिने अंगणाकडे बोट दाखवलं. तो मुकाट्याने लादीवर बसला. तिने कुंकू लावलं, ओवाळलं. दरवर्षीसारखा त्याने पाठीमागे अत्तराची बाटली लपवली होती.

"बोल, काय हवं ओवाळणीत?"

"किल्ली."

"गाडीची? अगं, इथला ट्रॅफिक म्हणजे..."

बोलता बोलता त्याची नजर समोर उभ्या असलेल्या तिच्या पावलांवर गेली. तो थांबला. खिशात हात घालून त्याने किल्ली काढली आणि ताटात ठेवली.

"उद्या आधी हँडब्रेक दुरुस्त करून आणते," अर्चना म्हणाली आणि निरांजन देवापुढे ठेवायला आत गेली.