फर्डिनंडची पेटी आणि न दिसणारी डिस्क

पापडी गावच्या प्लासिड घोन्साल्विस यांना दोन गोष्टींची चीड होती. एक म्हणजे खोटं बोलणं, दुसरी म्हणजे वस्तू जागेवर परत न ठेवणं. पाहुण्यांच्या चपलासुद्धा ते उचलून नीट लावून ठेवीत आणि निघताना पाहुण्यांना त्या सापडत नसत. बाकी माणूस सोन्यासारखा. येशूच्या दाखल्यांवर कीर्तन करायचे. 'उधळ्या पुत्रा'चं आख्यान लावलं आणि बाप लेकाला बघून धावत सुटला, की बायकांचे पदर डोळ्यांना लागलेच म्हणून समजा.

यातलं निम्मं पुण्य पेटीवरच्या फर्डिनंडचं. बाप धावायला लागला की फर्डिनंडची पेटी त्याच्या दोन पावलं पुढे धावे. पण गेल्या पावसाळ्यात फर्डिनंडच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात काही उचलेना. पेटीला डावा हात भात्यावर लागतो आणि उजवा सुरांवर, त्यामुळे फर्डिनंडकडे नुसता भाता उरला.

रविवारी नंदाखाल गावातल्या एका आळीत क्रुसाचा सण होता आणि कीर्तन ठरलं होतं. आळीवाल्यांनी सुचवलं, कॉन्रॅडला बोलवा, त्याच्या कीबोर्डात ढोलकीसकट सगळं येतं. फर्डिनंड म्हणाला, "बोलवा की. मी घरी बसतो." प्लासिडना याचीच धास्ती. आजारी माणूस एकदा 'घरी बसतो' म्हणाला की मग तो बसतोच.

तोड एकच होती. या आख्यानाची सगळी पेटी फर्डिनंडने फार पूर्वी कॉम्प्युटरवर वाजवून ठेवली होती. तो कॉम्प्युटर देवाघरी गेला. फाइल पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचली, पण ती उघडणारा प्रोग्राम जुन्या विंडोज एक्सपीवरच चालायचा. पापडी नाक्यावर दुरुस्तीचं दुकान चालवणारी उन्नती म्हणाली, "एकदा उघडू दे, मग साधं गाणं करून मोबाइलमध्ये टाकून देते."

शनिवारी सकाळी ती दुकानातला एक जुना, धडधाकट कॉम्प्युटर घेऊन घरी आली. फर्डिनंडही काठी टेकत आला. एक्सपीची सीडी घातली. थोडा वेळ घरघर करून कॉम्प्युटरने लिहून दाखवलं, की इथे हार्ड डिस्क नाही.

"आहे की नाही?" प्लासिडनी विचारलं.

"आहे, काका. मीच बसवलीय."

"मग नाही का म्हणतो?"

"त्याला दिसत नाही."

प्लासिडनी चष्मा पुसून उघड्या डब्यात डोकावून पाहिलं. डिस्क दिसत होती.

उन्नती म्हणाली, "एक्सपी जुना आहे. ही डिस्क ज्या पद्धतीने जोडलीय, ती त्याच्या वेळी नव्हती. ओळख करून द्यायला ड्रायव्हर लागतो. तो मागतोय फ्लॉपीवर."

"फ्लॉपी होत्या घरात," आतून प्लासिडची बायको रिटा म्हणाली. "पण यांनी जागेवर ठेवल्यात. म्हणजे गेल्या."

"राहू दे, मावशी. दुसरी युक्ती आहे." उन्नतीने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, डिलीटचं बटण टकाटक दाबलं आणि सेटिंगच्या एका राखाडी पानावर गेली. "इथे एएचसीआय आहे, त्याचं आयडीई करायचं. म्हणजे डिस्क जुन्याच पद्धतीची आहे अशी थाप मारायची."

"थाप?"

"छोटीशी."

थाप लागू पडली. जेवणाच्या वेळेपर्यंत पडद्यावर एक्सपीची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. उन्नती जेवायला आणि प्रोग्रामची सीडी आणायला गेली.

प्लासिड टेकडीकडे बघत बसले. काम झालं होतं आणि थाप मात्र तशीच घरात बसली होती. एकदा ऐकलेलं पद ते विसरत नसत, एकदा पाहिलेलं बटणही विसरले नाहीत. कॉम्प्युटर रीतसर बंद केला, चालू करताना डिलीट दाबलं, आयडीईचं एएचसीआय केलं आणि पुन्हा बंद केला.

"काय करतोस?" फर्डिनंडने विचारलं.

"होतं तसं."

"बरं."

उन्नती आली. तिने कॉम्प्युटर चालू केला. क्षणभर निळा पडदा चमकला आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. परत निळा, परत पहिल्यापासून. तिने वायर बदलली, डिस्क काढून घातली.

"कोणी काही केलं का?"

"नाही गं बाय," प्लासिड मनापासून म्हणाले. त्यांनी काही केलं नव्हतं, केलेलं फक्त मागे घेतलं होतं.

"मग डिस्कच गेली वाटतं. उद्यापर्यंत कठीण आहे."

फर्डिनंडने काठीकडे हात नेला. "कॉन्रॅडला फोन कर, प्लासिड. चांगला पोरगा आहे."

प्लासिडनी सुस्कारा सोडला. "आणि मी ती थापसुद्धा मागे घेतली होती."

उन्नतीने वर पाहिलं. "कुठली थाप?"

त्यांनी सांगितलं. आत रिटाच्या हातातलं झाकण पडलं. ते बहुतेक हसण्यामुळे.

"काका, माणूस शिडीवर असताना शिडी जागेवर ठेवलीत! ते आयडीई तसंच राहायला हवं. जोवर एक्सपी आहे तोवर."

"म्हणजे माझ्या घरात कायमचं खोटं?" प्लासिड हटेनात. "दुसरं काही नाही?"

उन्नतीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तुमच्या आईशी कसं बोलायचात? शाळेत बोलायचात तसं?"

"छे! आमच्या बोलीत. तिला दुसरं कळायचंच नाही."

"मग ते खोटं झालं का?"

प्लासिडनी फर्डिनंडकडे पाहिलं. काठी हातात आली होती, पण तो अजून उठला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "आईशी तिच्याच बोलीत बोलायचं. दाब तुझं बटण."

टेकडी परत आली. प्रोग्राम चढला, फाइल उघडली आणि पेटी वाजली. बाप धावायची जागा आली. फर्डिनंडने काठी भिंतीला टेकवली होती आणि त्याचा डावा हात मांडीवर पुढे-मागे होत होता.

रविवारी क्रुसापुढे फर्डिनंड आपल्या नेहमीच्या जागी, खुर्चीवर बसला. पेटीच्या खुंट्या सगळ्या बंद म्हणजे ती मुकी, शेजारी मोबाइल, डावा हात भात्यावर. हेही खोटंच, अशी शंका प्लासिडना वाटेतच आली होती. तेव्हा फर्डिनंड म्हणाला होता, "सूर माझे, भाता माझा. तुला काय टोचतं?" तरी नमनाआधी त्यांनी जाहीर करून टाकलं, "मंडळी, फर्डिनंडचा उजवा हात आज फोनमध्ये आहे." मंडळींनी माना डोलावल्या. कीर्तनात याहून मोठे चमत्कार त्यांनी ऐकले होते.

उत्तररंगात बाप धावला. पेटी पुढे धावली, ती तरण्या फर्डिनंडची पेटी, आणि तिच्या मागे धावताना प्लासिडना चांगलाच दम लागला. पदर डोळ्यांना लागले. भाता एकदाही मागे पडला नाही.

कीर्तन उठल्यावर प्लासिड घाम पुसत आले. "फार पळवलंस रे. जरा हळू घ्यायचं."

"ते त्याला सांग," फर्डिनंड फोनकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि पुढच्या वेळी मला खुर्ची जरा उंच दे. भाता लांब पडतो."

प्लासिडनी सगळ्या खुर्च्या उचलून जागेवर ठेवल्या. फर्डिनंडची तेवढी राहिली, कारण तो अजून तिच्यावर बसला होता.