चौथ्या पानावरचा हात

न गळणारा नळ गणितीने पान्याने आवळला आणि तो गळायला लागला.

"फेऱ्या बंद कर, म्हणजे मला वाचता येईल." स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली बायको मान वर न करता म्हणाली.

"मी कुठे फेऱ्या मारतोय?"

"फरशी झिजली."

तीही गणितीच, आणि त्याच्याहून कडक. तिच्या पेन्सिलीपुढे भलेभले विद्वान घाम पुसताना त्याने पाहिले होते. आज तिच्यापुढे एका सिद्धतेच्या पानांत त्याची उमेदीची सगळी वर्षं पडली होती. पातळ पत्र्यात अणूंची मांडणी जरा जरी विस्कटली, तरी इलेक्ट्रॉनची लाट जागच्या जागी अडकते आणि वीज वाहत नाही, असं सगळे मानत आले होते. सिद्ध कोणी केलं नव्हतं. आज चार वाजता भर सभागृहात तो ते करणार होता. आमंत्रणं त्याने स्वतः वाटली होती. दंतवैद्यालाही सोडलं नव्हतं.

पेन्सिल थांबली.

"अरे, अणू विस्कटलेत हे तू वापरलंस कुठे?"

"म्हणजे काय! सगळीकडे."

"दाखव."

त्याने पानं उलटली. सुरुवातीला विस्कटलेपणा भरपूर होता, शेवटीही होता. मधे औषधालाही नव्हता. म्हणजे त्याच्या सिद्धतेप्रमाणे नीटनेटक्या, शुद्ध तांब्यातूनही वीज वाहायला नको होती. डोक्यावरचा दिवा बेशरमासारखा जळत होता.

चौथ्या पानावर त्याचं बोट अडखळलं. आधी पत्रा अनंत मोठा करायचा आणि मग विजेच्या दाबाची कंपनं शून्यावर आणायची, असा खरा क्रम. इथे तो उलटा झाला होता. पत्र्याचा बंद तुकडा घेऊन कंपनं आधीच थांबवली, तर तांबं काय नि कोळसा काय, वीज मरणारच.

आणि ती ओळ त्याची नव्हतीच. बायकोच्या प्रबंधातलं ते प्रमेय. त्याच्यावरच तिचं नाव झालेलं. घरचं मीठ कोणी पारखून घेत नाही, तसं त्याने ते उचललं होतं.

त्याने पानावर पंजा पसरला.

"चूक माझीच. घाई नडली."

"कुठली ओळ?"

"कुठली म्हणजे... एकंदरीतच. मी ढ आहे."

"ते मान्य. हात काढ."

तो हलेना. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

"काढ रे. ती ओळ आपल्या लग्नाआधीची आहे. तिच्यासाठी तू कशाला खोटं बोलतोस?"

त्याने हात उचलला. तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि पेन्सिल न दाबता तिच्यावर एक आडवी रेघ ओढली.

"व्याख्यान रद्द करतो," तो म्हणाला.

"कशाला? सुरुवात मी करेन, माझ्या चुकीपासून," ती म्हणाली आणि टेबलाखाली वाकून चपला शोधायला लागली.