माझी शेवटची किंमत

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि आधीच कबूल करते, मला माझ्या किमतीचा फार गर्व होता. सन १९२७ मध्ये मी बोटीने विलायतेहून मुंबईला उतरले, तेव्हा एका संस्थानाच्या युवराजांनी माझे अठरा हजार रुपये मोजले होते. पुढे दोघांची बैठक, मागचे झाकण उघडले की आणखी दोघांपुरते बाक, लांब नाक आणि शर्यतीत धावायचे इंजिन. कुणी माझ्याकडे बोट दाखवले की युवराज आधी किंमत सांगत आणि मग माझे नाव. मला ते आवडायचे.

तीन वर्षांत युवराजांचे मन दुसऱ्या मोटारीवर गेले. मुंबईच्या एका बॅरिस्टरांनी मला सात हजारांत घेतले आणि एका संध्याकाळी दगडी कठड्यावर घातले. माझी पुढची चाके वळवणारा लोखंडी दांडा त्या दणक्याने तडकला. बॅरिस्टरांनी तोंडातून ब्र न काढता मला एका दलालाला अडीच हजारांना विकले. दलालाने तड्यात पितळ भरले, वर काळा रंग फासला आणि नाशिकच्या रहेमान मिस्त्रीला मला सहाशेत दिले. तोवर १९३६ साल उजाडले होते. रस्त्यावर बंद छपराच्या, बेताचे पेट्रोल पिणाऱ्या नव्या मोटारी आल्या होत्या. माझ्यासारख्या उधळीला आता विचारतो कोण!

रहेमान विणकराच्या घरातला. भद्रकालीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये तो मोटारी दुरुस्त करी. सहाशे रुपये ही त्याची आणि त्याची बायको जैतुनबी हिची नऊ वर्षांची शिल्लक होती. मला चकचकीत करून हजाराला विकायचे आणि लोखंड कातायचा स्वतःचा लेथ घ्यायचा, असा दोघांचा बेत. पण पहिल्याच आठवड्यात माझ्याखाली निजून काम करताना त्याला तो पितळी चट्टा दिसला. तो बाहेर आला आणि पायरीवर बसून बोटांवर हिशेब करू लागला. नवा दांडा विलायतेहून मागवावा लागणार होता. चार महिने लागणार होते, शिवाय दोनशे रुपये. शेवटी त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला. त्या वेळी मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. तो स्वतः फसला होता, आणि आता तोच ब्रश त्याच्या हातात होता.

गिऱ्हाईक आले ते मखमलाबादचे. कोंडाजी हा फुले आणि भाजी पिकवणारा मळेकरी. बैलगाडीने नाशिक रोडचे स्टेशन गाठेपर्यंत त्याचा गुलाब मलूल होई आणि मुंबईत भाव पडे. माझे मागचे बाक कापून तिथे फळ्या ठोकायच्या आणि फुलांच्या पाट्या वाहायच्या, असे त्याने ठरवले होते. ऐकून माझा जीव जळला. युवराजांची मी, आणि पाट्या वाहू?

कोंडाजीने आयुष्यात मोटार घेतली नव्हती, पण बैल पुष्कळ घेतले होते. म्हणून त्याने सोबत गुरांच्या बाजारातला दलाल फकिरा आणला. फकिराने माझ्या टायरात अंगठा दाबून पाहिला, दिवे निरखले, बसकण घेऊन पोटाखाली डोकावला. मग बाजाराच्या रिवाजाप्रमाणे म्हणाला, "मिस्त्री, पाठीवर हात ठेवून बोला. जनावराला खोड काय हाय?"

गुरांच्या बाजारात हा प्रश्न विचारतातच. विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि लाथ मारते, नांगरात बसते, जे असेल ते सांगायचे. मग उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो, आणि एकदा उपरणे झटकले की तक्रार चालत नाही.

रहेमानने माझ्या नाकावर हात ठेवला. दाराशी जैतुनबी उभी होती.

"पेट्रोल लय पिते," रहेमान म्हणाला. "बाकी काही नाही."

फकिराने उपरणे पसरले. त्याच्याआड दोघांच्या बोटांची दाबादाबी सुरू झाली. माझेच मोल ठरत होते आणि मला ते दिसत नव्हते. रहेमानने मान हलवली, कोंडाजीने हात काढला, फकिराने तो पुन्हा उपरण्याखाली ओढला. अखेर उपरणे झटकले गेले आणि नोटा मोजल्या गेल्या. नऊशे.

रहेमानने मनाशी हिशेब केला असावा. मळा ते स्टेशन सपाट रस्ता, हळू चाल. दांडा चार महिने सहज तग धरील. तेवढ्यात दुसरा मागवू आणि गुपचूप बसवू. पण कोंडाजी नोटांचे पाकीट बंद करता करता म्हणाला, "उद्या सकाळी वणीला जायचंय. आमच्यात नवं जनावर आधी देवीच्या गडाच्या पायथ्याला नेत्यात, मग कामाला जुंपत्यात. मला चालवाया येत नाय, तवा तुम्हीच चला. आई अन् मालन मागं बसतील."

नाही म्हणायला रहेमानजवळ एकच कारण होते, आणि ते त्याला सांगता येत नव्हते.

सकाळी मला झेंडूची माळ घातली. मालनबाई, म्हणजे कोंडाजीची बायको, नारळाची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी सासू कुसाबाई, सत्तरीच्या पुढची, पदर कानामागे खोचून. रहेमान मला इतका हळू हाकत होता की बैलगाड्या आमच्या पुढे जाऊ लागल्या.

"मिस्त्री, ही पळती म्हणून घेतली ना?" कोंडाजी हसत म्हणाला.

प्रत्येक खळग्यात मला तडा जाणवत होता. दिंडोरी मागे पडली. एका मोरीवर चाक आदळले आणि आतले पितळ कुरकुरले. आवाज बारीकच होता, पण मी ऐकला आणि रहेमाननेही ऐकला. चाके वळवायचे चक्र त्याच्या हातात किंचित सैल फिरू लागले. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी तेव्हा ओरडले असते. मागे दोन्ही बायका देवीचे गाणे म्हणत होत्या.

वणीच्या अलीकडे रस्ता एकदम खाली उतरतो आणि उताराच्या तळाशी वळतो. वळणाच्या बाहेर नाला आहे. उताराच्या तोंडाशी रहेमानने ब्रेक दाबला, खाली उतरला आणि माझ्या चारही चाकांखाली दगड लावले.

"काय झालं?" कोंडाजीने विचारले.

"सगळे खाली उतरा. आजी, तुम्ही पण उतरा."

मालनबाईने सासूला हात दिला. रहेमान माझ्याखाली शिरला, पान्याच्या टोकाने रंग खरवडला आणि कोंडाजीला वाकायला लावले. पितळ अर्धे सुटले होते. फटीत नख जात होते.

"ही खोड होती," रहेमान म्हणाला. "मला ठाऊक होती. काल हात ठेवून मी खोटं बोललो. हा दांडा या उतारावर तुटला असता तर गाडी नाल्यात गेली असती. तुमचे नऊशे घरी तसेच बांधलेले आहेत. सगळे परत घ्या."

कोंडाजीने रहेमानची गचांडी धरली. "माझी आई बसली व्हती मागं. आई!"

रहेमानने हात सोडवायचा प्रयत्नही केला नाही. मग कुसाबाई पुढे आली आणि लेकाचे मनगट धरून म्हणाली, "सोड त्याला. तोबी गाडीतच बसला व्हता. अन् उतार लागायच्या आधी बोलला."

कोंडाजीने हात सोडला. तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला. पुन्हा वाकला, फटीत नख घालून पाहिले. "इंजिनाला काय झालंय?"

"इंजिन धड आहे. बाकी सगळं धड आहे. अल्लाची आण."

"मग आता खोड धरून मोल सांग. उपरणं नको."

"तुम्ही सांगा मालक. मला तोंड नाही."

"साडेतीनशे. दांडा तू मागवायचा, तूच बसवायचा. तवर गाडी तुझ्या शेडमधी."

साडेतीनशे! भर रस्त्यात, नारळाच्या पिशवीशेजारी, माझे मोल साडेतीनशे ठरले. त्यातून दोनशे दांड्याचे गेले की रहेमानच्या हाती दीडशे उरणार होते. लेथ गेला, पुंजी गेली. तरी त्याने मान डोलावली.

ते तिघे वणीला चालत गेले. रहेमान दिवसभर माझ्या सावलीत बसून होता. संध्याकाळी कोंडाजीने वणीहून भाड्याची बैलजोडी आणली आणि बैलांनी मला रात्रभर ओढत नाशिकला आणले. जैतुनबीने सगळे ऐकून घेतले, साडेपाचशे मोजून परत दिले आणि नवऱ्यापुढे ताट ठेवले. ती स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र विलायतेच्या पत्रावर तिकीट तिनेच चिकटवले.

त्याला आता दोन वर्षे झाली. नवा दांडा आला, रहेमानने बसवला, आणि कोंडाजी मला चालवायला शिकला. माझे मागचे बाक कापले आहे आणि फळ्यांवर गुलाबाच्या पाट्या आहेत. मित्रांनो, अठरा हजारांपासून मी उतरत आले, आणि दांडा तडकल्यापासून प्रत्येक विक्रीत कुणीतरी माझे दुखणे झाकून दोन पैसे वाचवले. साडेतीनशेला ज्याने घेतले त्या एकालाच मी पुरती माहीत होते. म्हणून सांगते, जुनी वस्तू विकाल तेव्हा तिचे दुखणे आधी सांगा. ते ऐकून गिऱ्हाईक परत गेले तर जाऊ द्या. तुम्ही विकलेल्या गाडीत उद्या कोण बसणार हे तुम्हाला कळत नाही. माझ्यात रोज पहाटे पाट्यांच्या मधोमध कुसाबाई बसते आणि स्टेशन येईपर्यंत मला हळू चालवल्याबद्दल लेकाला शिव्या देते.