शेजारचा ठोकळा

धाकटीला हार मानणं ठाऊक नव्हतं आणि थोरलीला ऐकून घेणं. दोघी बहिणी जेवायला समोरासमोर बसल्या की घरातली बाकीची माणसं भराभर जेवून उठत.

त्या दिवशी विषय होता थोरलीच्या मानेतल्या गाठीचा. दीड महिन्यापूर्वी त्या गाठीचा तुकडा धाकटी नोकरीला होती त्याच लॅबमध्ये तपासला गेला आणि कॅन्सर निघाला. थोरलीने डोळे पुसले आणि देवाला घट्ट धरलं. ऑपरेशनआधी मोठ्या हॉस्पिटलने पुन्हा तुकडा काढला, तर त्यात काहीच नाही. तेव्हापासून भेटेल त्याला ती सांगत सुटली होती, की देवानं गाठ धुऊन काढली. ते ऐकलं की धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"पुरावा काय?" धाकटीने विचारलं.

"मी धडधाकट बसलेय तुझ्यासमोर. आणखी काय हवं?"

"तू बरी आहेस याचा तो पुरावा झाला, ताई. देवाचा नाही. आधी साधी कारणं तपास. चूक झाली असेल कुठेतरी."

"कुठे?"

"असेल कुठेतरी."

थोरलीने चमचा खाली ठेवला. "तुकडा कापलास तू. काचेवर नंबर घातलास तू. वीस वर्षं मिरवतेयस, माझ्या हातून चूक होत नाही म्हणून. मग झाली का चूक? हो म्हण, आत्ता देवाचं नाव सोडते. नाहीतर तोंड बंद ठेव."

"मोठं हॉस्पिटलही चुकू शकतं."

"म्हणजे सगळं जग चुकतं, एक तू सोडून. मग देव आणखी कुठे शोधायचा? तूच की."

थोरलीच्या नवऱ्याला हसू आवरेना. धाकटी ताट तसंच टाकून उठली, आणि दार आपटायला विसरली नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोचली, ती स्वतःला निर्दोष ठरवायला. तुकडे तिथे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत जपून ठेवत आणि प्रत्येकाचा पातळ काप काढून काचेवर घेत. नियम असा, की एक ठोकळा कापायचा, त्याच्याच काचेवर नंबर घालायचा, मगच दुसरा हातात घ्यायचा. धाकटी मात्र दहा काचांवर आधीच नंबर घालून त्या ओळीने मांडून ठेवायची आणि मग एकेक काप त्यांवर घेत जायची. इतरांनी असं केलं की ती त्यांची सालटी काढायची. नियम कच्च्या हातांसाठी असतात, असं तिचं मत होतं.

थोरलीचा ठोकळा काढून तिने नवा काप घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. साफ. देव नव्हता, चूक होती, आणि चूक तिची होती. तरीही आधी तिला आनंदच झाला, की ताईची बोलती बंद होणार. त्या आनंदाची तिला पुढे जन्मभर लाज वाटली.

मग तिने शेजारचा ठोकळा उचलला.

लॅबच्या डॉक्टरांनी त्या ठोकळ्याची नवी काच बराच वेळ पाहिली. "म्हणजे कॅन्सर या बाईंना आहे. हिला आपण काय कळवलं होतं?"

"काही नाही म्हणून."

"दीड महिना गेला," ते म्हणाले. "तुमच्या नोकरीचं नंतर बघू. फोन मी करतो."

"नको. मी करते."

फोन त्या बाईनेच उचलला. आवाज तरुण होता, मागे कुकरची शिट्टी होत होती. धाकटीने नाव सांगितलं, लॅब सांगितली, चूक सांगितली.

"अहो, रिपोर्ट चांगला आला म्हणून आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले," बाई म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "तुमचीच काहीतरी गडबड होतेय. नीट बघा ना. चूक झाली असेल कुठेतरी."

"मी स्वतः पुन्हा बघितलंय," धाकटी म्हणाली.

"तुमची खात्री आहे?"

टेबलावर दोन्ही काचा होत्या. शंकेला जागाच नव्हती. देव असता तर बरं झालं असतं, असं धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं.

"आहे," ती म्हणाली.